भाव काय चाललाय?

नगरच्या सावेडीतल्या प्रोफेसर कॉलनी चौकात संध्याकाळी सातनंतर उभं राहिलं की क्रिकेटचं अख्खं शास्त्र फुकटात कानावर पडतं. पूर्वी तिथं पहिला प्रश्न असायचा, "आज कोण मारणार?" आता असतो, "भाव काय चाललाय?" बाहेरगावच्या माणसाला वाटावं, कांद्याचं चाललंय. तो बिचारा नेप्तीच्या बाजाराबद्दल काहीतरी बोलायला जातो आणि सगळे त्याच्याकडं दया येऊन बघतात. कांद्याचा भाव विचारणाऱ्याचं तोंड आधीच उतरलेलं असतं, मॅचचा भाव विचारणाऱ्याचं शेवटच्या ओव्हरनंतर उतरतं. फरक तेवढाच.

या चौकात कुणीही सट्टा खेळत नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, कारण प्रत्येकानं मला तसंच सांगितलंय. "आपण नाय बा खेळत, नुसतं बघतो." गावात दारूबंदी असावी आणि गुत्त्याची वाट बालवाडीतल्या पोराला पाठ असावी, तसं आहे हे. खेळत कुणी नाही, पण लगाई काय, खाई काय (म्हणजे संघ जिंकेल यावर लावायचं की हरेल यावर), सेशन कितीचं उघडलं (म्हणजे ठरावीक ओव्हरांत किती धावा), कुणाची आयडी कुणी बंद केली, याची माहिती सगळ्यांना. बरं, माहिती विचारली तर लगेच, "आमच्या एका मित्राचं सांगतोय." नगरमध्ये हा एक मित्र फार अडचणीत आहे. सगळ्यांचे पैसे त्याचेच बुडतात.

मध्यंतरी टपरीवर माझ्या शेजारी एक तरुण उभा होता. डोळे मोबाइलवर, हातातला चहा गार. सहावी ओव्हर चालू होती. शेवटच्या चेंडूला एक धाव निघाली आणि त्यानं सुस्कारा सोडून मोबाइल खिशात टाकला. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाला, "संपलं." अजून चौदा ओव्हर बाकी होत्या, एक अख्खा डाव बाकी होता. पण त्याचं सेशन सहा ओव्हरांचं, त्याच्यापुरती मॅच संपली होती. त्यानं वडापाव सांगितला, मिरची मागून घेतली आणि गाडी काढून निघून गेला. कोण जिंकलं हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं असेल. कदाचित नसेलही कळलं.

याला आपण क्रिकेटवेडा देश म्हणतो.

*

त्या तरुणापेक्षा बेरकी जात होती ती मोबाइलच्या ॲपवर टीम लावणाऱ्यांची. यांनी दोन्ही संघांतून अकरा निवडलेले. कर्णधार इकडचा, उपकर्णधार तिकडचा. मुंबईच्या फलंदाजानं षटकार मारला तरी आनंद, आणि त्याला ज्यानं बाद केलं तो बॉलर टीममध्ये असला तर दुप्पट आनंद. भारतानं मॅच जिंकली आणि याचं तोंड वाकडं. काय झालं? "जिंकले ओ, पण आपला व्हाइस कॅप्टन चालला नाही."

बाकीच्या महाराष्ट्राला हे विचित्र वाटत असेल. नगर जिल्ह्याला बिलकुल नाही. इथं एका घरात सासरा एका पक्षात, जावई दुसऱ्या पक्षात, मेहुणा अपक्ष आणि साडू नाराज, ही घडी पिढ्यान्‌पिढ्या बसलेली. सोयऱ्याधायऱ्यांच्या राजकारणात कुणीही निवडून आलं तरी गुलाल आपल्याच वाड्यावर. दोन्ही बाजूंनी अकरा निवडायची कल्पना ज्यानं मोबाइलमध्ये आणली, तो जिल्ह्याच्या उत्तरेत सोयरीक करून गेलेला असणार, अशी मला दाट शंका आहे.

*

आता अपेक्षांचं बघू.

२०२५च्या आयपीएलच्या आधी जिल्ह्यात आशेचं पीक जोरात होतं. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे कोलकात्याचा कर्णधार. लिलावात त्याच्यासाठी मोजले दीड कोटी, आणि त्याच संघानं व्यंकटेश अय्यरसाठी मोजले पावणेचोवीस कोटी. म्हणजे मालक स्वस्त, गडी महाग. तिकडं श्रीरामपूरचा झहीर खान लखनौचा मार्गदर्शक. एकाच जिल्ह्याची दोन माणसं दोन संघांत मोठ्या खुर्चीवर. आधीच संगमनेर आणि श्रीरामपूर यांचं, जिल्हा फुटला तर मुख्यालय कुठं, यावरून अनेक वर्षं पटत नाही. आता आयपीएलनंच निकाल लावावा, असं काहींनी मनाशी ठरवून टाकलं.

आयपीएलनं निकाल लावला. लखनौ सातवी, कोलकाता आठवी. दहा संघांत. मुख्यालयाचा प्रश्न जिथं होता तिथंच राहिला.

आता गंमत बघा. रहाणेनं पहिल्याच सामन्यात ३१ चेंडूंत ५६ काढल्या. त्या हंगामात कोलकात्याकडून सगळ्यांत जास्त धावा त्याच्याच, ३९०. दीड कोटीच्या माणसानं अजून काय करायचं? पण चौकात त्या ३९० धावांची आठवण कुणाला नाही. आठवण आहे ती १५ एप्रिलच्या रात्रीची. मुल्लानपूरला पंजाबला १११त गुंडाळलं, आणि ११२ करायला निघालेली कोलकाता ९५त आटोपली. आयपीएलमध्ये इतक्या कमी धावा राखून तोवर कुणीच जिंकलं नव्हतं. चहलच्या चेंडूवर रहाणेला पायचीत दिलं गेलं, त्यानं रिव्ह्यू घेतला नाही. नंतर दिसलं की चेंडू ऑफ स्टंपच्या बाहेर पायाला लागला होता. घेतला असता तर वाचला असता. सामन्यानंतर त्यानं स्वतःच सांगून टाकलं, दोष माझा.

सांगून काय उपयोग? त्या रात्री दिल्ली गेटपासून माळीवाड्यापर्यंत एकच निष्कर्ष होता.

"सेटिंग."

"अरे पण तो म्हणतोय ना चुकलं म्हणून?"

"म्हणणारच. तेपण सेटिंगमध्येच असतं."

याला उत्तर नाही. माणूस चुकू शकतो, घाबरू शकतो, अंधारात काठी फिरवल्यासारखा खेळून बाद होऊ शकतो, चहलचा चेंडू खरंच वळू शकतो, या सगळ्या शक्यता आता रद्द झाल्या आहेत. जिंकला तर माझा अभ्यास. हरला तर सेटिंग. वीस वर्षांपूर्वीचा चाहता खेळाडूला शिव्या घालायचा, "याला काढून टाका, याला बॅट धरता येत नाही." त्या शिवीत निदान एवढा तरी विश्वास होता की तो मनापासून खराब खेळला.

संशयाला आधार नाही असं मी म्हणत नाही. २०१३ला आयपीएलमधल्या खेळाडूंना स्पॉट फिक्सिंगच्या प्रकरणात पोलिसांनी उचललं, पुढं चेन्नई आणि राजस्थान हे दोन संघ दोन हंगाम घरी बसवले गेले. ते खरंच घडलं. पण त्या एका खऱ्यावर आपण पुढची सगळी वर्षं उधारीवर जगतोय.

*

हाच आजार क्रिकेटमधून कुस्तीच्या मॅटवर गेला, तेव्हा मात्र मला वाईट वाटलं.

२ फेब्रुवारी २०२५. नगरचं वाडिया पार्क. महाराष्ट्र केसरीचा शेवटचा दिवस. माणसं गॅलरीत, खांबांवर, एकमेकांच्या खांद्यांवर. मॅट विभागाची अंतिम लढत, शिवराज राक्षे विरुद्ध पृथ्वीराज मोहोळ. राक्षे म्हणजे आधीच दोन वेळा गदा नेलेला गडी, एक कोथरूडहून, एक धाराशिवहून. त्याची पाठ लागली, चितपट, असा निकाल पंचांनी दिला. राक्षेच्या बाजूचं म्हणणं, पाठ पूर्ण टेकलीच नाही, रिप्ले बघा. पंच निकालावर ठाम. मग राक्षेनं पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. पुढं मॅट आणि माती विभागांच्या विजेत्यांमधल्या अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड शेवटचे काही सेकंद उरले असताना गुणावरून वाद घालून मॅट सोडून निघून गेला. मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला, चांदीची गदा आणि थार गाडी घेऊन गेला. राक्षे आणि गायकवाड दोघांवर तीन वर्षांची बंदी आली.

लाथ मारणं वाईटच, त्यात दुमत नाही. पण त्यानंतरच्या आठवड्यात शहरात जी चर्चा चालली तिचं मला जास्त नवल वाटलं. पाठ टेकली की नाही, हा कुस्तीतला सगळ्यांत जुना वाद. दोन्ही खांदे एकाच वेळी जमिनीला लागले पाहिजेत, हे शाळकरी पोराला माहीत. कुठला डाव होता, पकड कुठून सुटली, राक्षेनं पूल बांधायला हवा होता का, पंच नेमका कुठल्या बाजूला वाकला होता, यावर चार दिवस सुखानं भांडता आलं असतं. कुणी भांडलं नाही. चौकात पहिलंच वाक्य, "किती घेतले असतील रे?"

मी एकाला विचारलं, "तू पाठ बघितली का?"

"नाय, माझ्यापुढं फेटेवाला होता."

"मग तुला कसं कळलं?"

"कळतं ओ. शिवराजवर लावले होते आपल्या मित्रानं."

तोच तो. आमचा तो एक मित्र.

आता सेटिंग हे कुस्तीला नवीन आहे का? अजिबात नाही. आपल्याकडं नुरा कुस्ती हा प्रकार आजोबांच्या काळापासून आहे. दोन पैलवान आदल्या रात्रीच ठरवून यायचे आणि इनाम वाटून घ्यायचे. पण ती ओळखायला बांधावर बसलेल्या म्हाताऱ्याला रिप्ले लागत नव्हता. ढाक लावताना कमरेत जोर किती आहे, घिस्सा ओढताना मान खरंच अडकलीय की नुसती ठेवलीय, हे त्याला शंभर फुटांवरून दिसायचं. तो उठून उभा राहायचा आणि हाताचा भोंगा करून ओरडायचा, "ए, नुरा हाय ही! सोडवा!" आणि पंचांना सोडवावी लागायची. नुरा ओळखायला डाव कळावा लागतो. सेटिंग ओळखायला फक्त पैसे हरावे लागतात.

*

आपल्या हगाम्यात पैसा नव्हता असं समजू नका. भरपूर होता आणि उघड्यावर होता.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जत्रेचा दुसरा दिवस, दुपार उतरती. नांगरून ढेकळं फोडलेलं वावर, भोवती माणसांचं कडं, एका बाजूला हलगी. मधे फेटे बांधलेले पंच, प्रत्येकाच्या बोटांत उभ्या घड्या घातलेल्या नोटा. आधी लंगोट सावरत येणारी बारकी पोरं. त्यांच्या कुस्त्या रेवड्यांवर, नारळावर. मग दहाची, पन्नासची, शंभराची. जोड लागली की पंच दोघांचे हात धरून फिरवणार, लाऊडस्पीकरवर नाव पुकारणार, आणि पुकारतानाच कुणीतरी कडेनं हात वर करून रक्कम वाढवणार. "सोसायटीच्या चेअरमनकडून एकशे एक रुपये!" चेअरमनला टाळ्या पैलवानाच्या आधी. शेवटची कुस्ती मोठ्या इनामाची. अंधार पडायला लागेस्तोवर चालणार. निकाल लागत नाही असं दिसलं की पंच बरोबरीत सोडवणार, आणि इनाम दोघांत निम्मं निम्मं. जिंकलेला पैलवान माती माखल्या अंगानं कड्याभोवती फेरी मारणार, माणसं खिशात हात घालणार. दहा, वीस, एखादा म्हातारा पाठीवर थाप मारून पन्नास.

यात पैसा कुठून कुठं जातो ते बघा. बघणाऱ्याच्या खिशातून खेळणाऱ्याच्या हातात. सरळ. मधे ॲप नाही, ओटीपी नाही, बुकी नाही. पैसे दिलेत म्हणून ओरडायचा हक्क आहे, आणि ओरडून झालं की घरी जायचं आहे. पैलवान हरला म्हणून कुणाचं ट्रॅक्टर गेलं नाही. आत्ताचा चाहता एका मॅचला जेवढे लावतो तेवढ्यात गावातल्या तालमीतल्या पोराला महिनाभर दूध-बदाम सुटतील. पण पोराला बदाम दिल्यावर दुप्पट होऊन परत येत नाहीत ना. तिथंच गणित बिघडतं.

आणि अपेक्षा? त्यासुद्धा पैलवानाकडून असायच्या, भावाकडून नाही. अकोले तालुक्यातला कोंभाळण्याचा हर्षवर्धन सदगीर २०२०च्या जानेवारीत बालेवाडीला महाराष्ट्र केसरी झाला, तेव्हा तो खेळला नाशिककडून. पेपरात छापून आलं, गदा नाशिकला. इकडं अकोल्यात लोकांनी फटाके वाजवले, कागदावर जिल्हा कुठलाही असो. त्या दिवशी कुणी विचारलं नाही की हर्षवर्धनचा भाव काय होता. विचारलं असतं तर फटाक्यांच्या माळेनंच त्याचं तोंड बंद केलं असतं.

*

जुगाराचा इतिहास काढला तर आपण फार पूर्वीपासून लांबच्या गोष्टींवर पैसे लावत आलो. मुंबईत आधी न्यूयॉर्कहून तारेनं येणाऱ्या कापसाच्या भावावर लावायचे. ते बंद झाल्यावर १९६२ला कल्याणजी भगत आणि १९६४ला रतन खत्री यांनी आकडे काढायला सुरुवात केली, आणि मटका गावोगावच्या पानटपरीवर पोचला. ज्यानं कापूस पिकवला त्याला त्याचा भाव शेवटपर्यंत कळला नाही. पानटपरीवाल्याला मात्र ओपन आणि क्लोज तोंडपाठ.

कायदा आपल्याकडं आहे, १८८७चा. राणी व्हिक्टोरिया गादीवर होती तेव्हाचा. अजूनही पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये तोच असतो, कलम १२ अ, रोख रक्कम, मोबाइल आणि जुगाराचं साहित्य असा मुद्देमाल जप्त. राणी गेली, तार गेली, गल्लीतला आकडा मोबाइलमध्ये गेला, कलम तिथंच.

पोलिसांचं म्हणाल तर २०२३च्या ऑक्टोबरमध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका फौजदारानं टीम लावून दीड कोटी जिंकले. पेढे वाटून होतात न होतात तोच निलंबन. त्याच वर्षी बच्चू कडू ऑनलाइन गेमच्या जाहिरातीवरून थेट सचिन तेंडुलकरच्या घरासमोर आंदोलनाला बसले होते. देवाच्या दारात जाब विचारायची आपली वारकरी परंपरा, एवढंच त्याबद्दल म्हणतो.

आणि मग जुलै २०२५. कर्जत-जामखेडचे आमदार रोहित पवार यांनी एक व्हिडिओ टाकला. विधिमंडळात बसलेले कृषिमंत्री माणिकराव कोकाटे आणि त्यांच्या मोबाइलवर पत्ते. कोकाटे म्हणाले, मी रमी खेळत नव्हतो, स्क्रीनवर आलेलं बंद करत होतो. असेलही. माझ्याही मोबाइलवर नको ते येतं आणि बंद करताना ते आणखी मोठं होतं. पण पुढं जे झालं ते कुठल्याही विनोदी लेखकाला सुचलं नसतं. ३१ जुलैला त्यांचं कृषी खातं काढून दत्तात्रय भरणे यांना दिलं, आणि भरणे यांच्याकडचं क्रीडा खातं कोकाटे यांना.

क्रीडा. खातं देणाऱ्यानं एकदा तरी हसून सही केली असेल, अशी आशा आहे.

पुढच्याच महिन्यात केंद्रानं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. २० ऑगस्टला लोकसभा, २१ला राज्यसभा, २२ला राष्ट्रपतींची सही. तीन दिवसांत काम फत्ते. एवढ्या वेळात नगर-मनमाड रस्त्यावरचा एक खड्डा मोजून होत नाही. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख, खेळणाऱ्याला काही नाही. खेळणारा पीडित आहे, असं सरकारचं म्हणणं. हे चौकात कळलं तेव्हा पहिल्यांदाच सगळ्यांनी कबूल केलं की आपण खेळत होतो. पीडित व्हायला कुणाची ना नाही.

भारतीय संघाच्या छातीवर अशाच टीम लावायच्या ॲपचं ३५८ कोटींचं नाव होतं, ते पुसलं गेलं. सप्टेंबरात आशिया चषक आपण कोऱ्या जर्सीवर खेळलो आणि जिंकलो. मला तो संघ फार सुंदर दिसला. पण हे सौंदर्य फार दिवस परवडणारं नव्हतं. त्याच महिन्यात जर्सीवर नाव घालायला टायरवाले आले.

बंदीनंतर एक चमत्कार झाला. टीम लावायचं ॲप चालूच, फक्त पैसे नाहीत, नुसते गुण. खेळाच्या अभ्यासासाठी लावतो, कौशल्याचा खेळ आहे, असं इतकी वर्षं सांगणाऱ्यांना आता कौशल्य दाखवायला मैदान मोकळं होतं. दोन आठवड्यांत चौकातले सगळे अभ्यासक गायब. एक जण म्हणाला, "फुकटात कोण डोकं लावणार?" जे डोकं लावत होते त्यांना पुन्हा जुन्या माणसाचा नंबर सापडला. आयडी, लगाई, खाई, सेशन. कायद्यानं ॲप बंद केलं, तोंड बंद केलं नाही.

कुणी म्हणेल, मग सगळं खुलं करून टाका. क्रिकेटचा कारभार सुधारायला नेमलेल्या लोढा समितीनं २०१६ला सट्टा कायदेशीर करा म्हणून सुचवलं होतंच. अमेरिकेत २०१८ला सुप्रीम कोर्टानं राज्यांना मोकळीक दिली, आता तिथं कॉलेजच्या पोरांच्या फुटबॉलवर राजरोस लावतात. तिथली तऱ्हा आणखी न्यारी. नुसतं जिंकून भागत नाही, सांगितलेल्या फरकानं जिंकावं लागतं. आपलं कॉलेज जिंकलं, पण दहा गुणांऐवजी सातनं जिंकलं, म्हणून आपलाच चाहता रडतोय. एकोणीस वर्षांच्या पोरानं एक झेल सोडला की त्याच्या फोनवर शिव्यांचा पाऊस. शेवटी २०२४ला कॉलेज खेळांच्या संघटनेचे प्रमुख चार्ली बेकर यांनाच राज्यांकडं मागणी करावी लागली की निदान एकेका विद्यार्थ्यावर पैसे लावणं तरी थांबवा. उजेडात आणलं की रोग बरा होतो असं नाही. उजेडात नुसता जास्त दिसतो.

*

आता राहिला तो एका पैजेच्या मटणाचा विषय.

२०२५च्या जानेवारीत, वाडिया पार्कात मॅट अंथरायच्या आधी, आमच्या ओळखीतल्या तिघांची पैज लागली. यंदाचा महाराष्ट्र केसरी कोण? हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याला गावरान बोकडाचं मटण द्यायचं. एकानं मोहोळ सांगितला. दुसऱ्यानं राक्षे. तिसरा सोलापूरकडचा जावई. तो म्हणाला, वेताळ शेळके. दोघांनी त्याला येड्यात काढलं.

फेब्रुवारीत मोहोळ जिंकला. मोहोळवाल्यानं खाटकाला सांगून ठेवलं.

पण नगर जिल्ह्यात एवढ्यावर काही संपत नसतं. वाडिया पार्कची स्पर्धा कुस्तीगीर संघाची, आयोजक आमदार संग्राम जगताप. मार्चअखेर कर्जतला दुसरी महाराष्ट्र केसरी, ती कुस्तीगीर परिषदेची, आयोजक आमदार रोहित पवार. राष्ट्रवादी दोन झाल्यावर गदा एकटी कशी राहील? कर्जतला वेताळ शेळके यानं पृथ्वीराज पाटीलला हरवलं आणि तोही महाराष्ट्र केसरी झाला. एकाच जिल्ह्यात, दोन महिन्यांत, दोन केसरी. दोघंही घाम गाळून झालेले, कुणाच्याही गदेला बोट लावायची माझी इच्छा नाही.

जावयानं फोन केला. "दाजी, मटण कधी?"

"कशाचं मटण? केसरी मोहोळ झाला. खरी स्पर्धा ती."

"कर्जतला काय लगोरी होती का?"

यावर तीन बैठका झाल्या. संघ खरा की परिषद खरी, यावर गाडी पक्षावर गेली, पक्षावरून कारखान्यावर, कारखान्यावरून कुणाच्या तरी लग्नात मान मिळाला नाही त्यावर. शेवटी एका वयस्कर मामांनी तोड काढली. दोघं जिंकले, हे मान्य करायचं. मग हरला कोण?

राक्षेवाला.

बोकड त्याच्या पैशानं आलं. दोन्ही विजेत्यांनी तांबडा रस्सा ओरपला, बाजरीच्या भाकरी कुस्करल्या, आणि जावयाला नळी आग्रहानं वाढली. राक्षेवाला कोपऱ्यात बसून हाडं मोजत होता. मी म्हटलं, "जेवा की, पैसे तुमचेच आहेत."

तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "तुम्हाला सांगतो भाऊ, ही दुसरी महाराष्ट्र केसरी ठेवली ना, ते सगळं माझ्याच बोकडासाठी सेटिंग होतं."